अटक नाही, फक्त डिटेन केलंय

डिसेंबर लागला की नागपुरात अधिवेशन येतं आणि अधिवेशनासोबत मोर्चे येतात. यशवंत स्टेडियमपासून निघायचं, टेकडी रोडवर नाहीतर मॉरिस कॉलेज टी पॉइंटला कठडे लागलेले असतात, तिथं बसायचं, घोषणा द्यायच्या, कोणी मंत्री येऊन निवेदन घेतो का ते पाहायचं. आणि दरवर्षी त्यातले काही लोक पोलिसांच्या गाडीत बसवून नेले जातात आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते की आंदोलकांना डिटेन केलं. मग तर्री-पोह्याच्या ठेल्यापासून टीव्हीपर्यंत एकच वाद सुरू होतो आणि तो दरवर्षी तितकाच वाईट पद्धतीनं घातला जातो. एक बाजू म्हणते, अरे अटक थोडीच केली, डिटेन केलं, संध्याकाळी सोडूनही दिलं, एवढा गाजावाजा काऊन करून राहिले? दुसरी बाजू म्हणते, डिटेन म्हणजे अटकच, म्हणजे हे सगळंच बेकायदा, म्हणजे हुकूमशाही. मला दोन्ही बाजूंचं पटत नाही, आणि हा फक्त शब्दांचा खेळ आहे असंही वाटत नाही, कारण त्या एका इंग्रजी शब्दाच्या आड माणसाचे हक्क हरवतात आणि ते हरवल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. अटक झाली की डिटेन केलं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की तो माणूस त्या क्षणी उठून, चप्पल घालून घरी जाऊ शकत होता का? जाऊ शकत नसेल तर त्याचं स्वातंत्र्य काढून घेतलेलं आहे आणि तिथपासून घड्याळ सुरू झालं पाहिजे. ठाण्यातल्या डायरीत कोणता शब्द लिहिला त्यावर ते घड्याळ थांबू शकत नाही.

आता पोलिसांच्या बाजूनं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. रस्त्यावरच्या गर्दीतून माणसाला बाजूला काढणं आणि गुन्ह्यात अटक करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कायद्यानंही त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमं ६८ आणि ६९ आंदोलनं करणाऱ्या सगळ्यांना पाठ असतात, 'अडुसष्टखाली उचललं' असं सहज म्हणतात. पोलिसांनी दिलेला वाजवी आदेश पाळला नाही तर तुम्हाला रोखता येतं, हलवता येतं, आणि किरकोळ बाब असेल तर प्रसंग टळल्यावर सोडून द्यायचं, असा त्याचा अर्थ. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ मध्ये तर इंग्रजीत 'डिटेन' हाच शब्द आहे, आणि किरकोळ प्रकरणात शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत सोडायचं असं तिथं लिहिलेलं आहे. म्हणजे डिटेन हा शब्द पोलिसांनी पोटातून काढलेला नाही, कायद्यात आहे. दुसरं, गर्दी सांभाळणं सोपं काम नाही हे नागपूरला कोणी शिकवायची गरज नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात, याच अधिवेशनाच्या काळात, गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं किती होती ते झिरो माइलजवळच्या स्मारकासमोर उभं राहिलं की कळतं. लाठी चालवण्यापेक्षा आणि गर्दी एकमेकांवर लोटण्यापेक्षा चाळीस लोकांना गाडीत बसवून पोलीस मुख्यालयाच्या मैदानात नेऊन ठेवणं केव्हाही बरं. हे मी मनापासून म्हणतो. माझा विरोध रोखण्याला नाही, रोखलं आणि त्याची कुठं नोंदच नाही, याला आहे.

माझ्या घरातलं सांगतो. माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. त्याच्या डोक्यात डिटेन म्हणजे अटेन्डन्स कमी पडल्यावर परीक्षेला बसू न देणं, त्याच्या कॉलेजात तोच अर्थ चालतो. काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या मोर्चात गेला, दुपारी एकच्या सुमारास उचलला गेला, मोबाइल काढून घेतला. रात्री आठपर्यंत फोन लागत नाही म्हणून ताईचा मला फोन, मग आम्ही दोघं एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात. तिसऱ्या ठाण्यात एक हवालदार भला माणूस भेटला, त्यानं ताईला पाणी दिलं आणि म्हणाला, ताई, घाबरू नका, तुमच्या पोट्ट्याले अटक नाही केली, फक्त डिटेन केलंय. ताईनं विचारलं, मग तो आहे कुठं? त्याला माहीत नव्हतं. कोणत्या कलमाखाली? माहीत नाही. किती वाजता सोडणार? साहेबांना विचारावं लागेल. रात्रभर आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. सकाळी साडेसातला भाचा स्वतःच ऑटोनं घरी आला. त्याला कोणी मारलं नाही, जेवायलाही दिलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. पण नंतर आम्ही नोंद मागायला गेलो तर त्याच्या नावाची कसलीच नोंद नव्हती. साडेअठरा तास एक एकोणीस वर्षांचा पोरगा या शहरात कुठंच नव्हता.

अटक केली असती तर काय झालं असतं ते बघा. अटकेचा पंचनामा करावा लागतो, त्यावर साक्षीदाराची सही आणि अटक झालेल्याची सही लागते, नातेवाईक किंवा मित्राला कळवावं लागतं, कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. नव्या संहितेत तर अटक झालेल्यांची नावं प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची तरतूद आहे. म्हणजे ताईला तीन ठाणी फिरायची गरज नव्हती, फलकावर नाव दिसलं असतं. पण अटक नाही, डिटेन आहे, म्हणून फलक नाही, पंचनामा नाही, फोन नाही. जो शब्द आईला धीर द्यायला वापरला त्याच शब्दानं तिचं पोरगं कुठं आहे हे सांगायची जबाबदारी उडवून लावली.

आणि ही पळवाट नवी नाही, कोर्टांनी ती कितीदा बुजवली आहे. १९८० मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, ज्यात आरोपी खुद्द पोलीस होते, सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी साफ लिहिलं की माणूस पोलिसांच्या अनौपचारिक ताब्यात आहे पण अटक नाही, चौकशीसाठी डिटेन आहे पण कस्टडीत नाही, असल्या शब्दांच्या कसरती म्हणजे कायद्याच्या सरळपणाला दिलेली बगल आहे. १९९० मध्ये कस्टमच्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टानं सांगितलं की अधिकाऱ्यानं कागदावर जी वेळ टाकली तेव्हा अटक सुरू होत नाही, माणसाच्या हालचालीवर बंधन आलं तेव्हाच सुरू होते. १९९४ मध्ये जोगिंदर कुमार नावाच्या तरुण वकिलाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. गाझियाबादच्या पोलिसांनी त्याला बोलावलं आणि तो कित्येक दिवस घरी आला नाही. पोलिसांचं उत्तर काय होतं? तो डिटेन्शनमध्ये नव्हताच, काही गुन्ह्यांच्या तपासात त्याची मदत घेत होतो. म्हणजे तिथं तर डिटेन हा शब्दही जड वाटला, त्याहून हलका शोधला! त्यानंतर १९९६ च्या डी. के. बसू प्रकरणात सुप्रीम कोर्टानं पंचनामा, नातेवाइकांना कळवणं असे जे नियम घालून दिले ते 'अटक किंवा डिटेन्शन' अशा दोन्हींना लावले, दोन्ही शब्द मुद्दाम शेजारी ठेवून. तरी ठाण्याच्या दारात अजून तेच वाक्य ऐकू येतं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण डिटेन म्हणजे अटकच असं म्हणणारे माझेच मित्र आहेत आणि ते चुकतात ते जास्त घातक ठिकाणी चुकतात. त्यांना वाटतं दोन्ही एकच म्हटलं की माणसाला संरक्षण मिळेल. पण एक डिटेन्शन असं आहे की जे अटकेपेक्षा कितीतरी भयंकर आहे, आणि त्याला अटक म्हणून टाकलं की त्याचा भयंकरपणा झाकला जातो. प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन. मराठीत स्थानबद्धता. नागपूरच्या पेपरात ही बातमी कायम असते, अमुक गुंड एमपीडीएखाली स्थानबद्ध, कारागृहात रवानगी. एमपीडीए म्हणजे १९८१ चा महाराष्ट्राचा कायदा, ज्याला लोक झोपडपट्टी दादा कायदा म्हणतात. या कायद्याखाली माणसानं पुढं काही करू नये म्हणून त्याला जास्तीत जास्त बारा महिने आत ठेवता येतं. त्यासाठी खटला लागत नाही, गुन्हा शाबीत व्हावा लागत नाही. राज्यघटनेच्या कलम २२ मध्येच लिहिलंय की चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याचा आणि वकिलाचा हक्क असल्या डिटेन्शनला लागू नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं तर सल्लागार मंडळाचं मत लागतं आणि त्या मंडळासमोर वकील घेऊन जाण्याचा हक्क नसतो. मग सांगा, चोराला अटक झाली तर त्याला चोवीस तासांत न्यायाधीशाचं तोंड दिसतं, आणि ज्याला 'नुसतं' डिटेन केलं त्याला कित्येक आठवडे दिसत नाही. यात मवाळ काय आहे?

स्थानबद्ध हा शब्दच बघा. स्थानाला बांधलेला. मराठी वाचकाला हा शब्द ऐकला की रत्नागिरी आठवते, १९२४ ला सावरकरांना सोडलं ते त्या जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर, आणि ते १९३७ पर्यंत चाललं. तिथं शब्द बरोबर बसत होता, घर होतं, गाव होतं, फक्त वेस ओलांडायची नव्हती. आज आपण तोच शब्द वर्धा रोडवरच्या सेंट्रल जेलच्या भिंतीआड टाकलेल्या माणसाला लावतो. हा तर सरळ तुरुंगवास आहे, शिक्षेशिवायचा. कच्चा कैदी हा शब्द मला त्यापेक्षा प्रामाणिक वाटतो, निदान त्यात सांगितलंय की अजून काही शाबीत व्हायचंय. स्थानबद्ध माणसाचं तर काही शाबीत व्हायचंच नसतं.

इतिहासात हा फरक ज्यांनी भोगला त्यांच्याकडे पाहिलं की लख्ख दिसतो. मंडालेला टिळकही गेले आणि लाला लजपत रायही गेले. टिळक १९०८ मध्ये, खटला होऊन, ज्युरीसमोर स्वतः बाजू मांडून, सहा वर्षांची शिक्षा घेऊन. लजपत राय त्याच्या आदल्या वर्षी, १८१८ च्या बंगाल रेग्युलेशनखाली, ना आरोपपत्र ना खटला, उचललं आणि ब्रह्मदेशात नेऊन ठेवलं, काही महिन्यांनी तसंच सोडूनही दिलं. टिळकांची शिक्षा मोठी, यात वाद नाही. पण टिळकांना आपण कशासाठी आत आहोत ते ठाऊक होतं, किती वर्षं ते ठाऊक होतं, भर कोर्टात उत्तर देता आलं. लजपत राय यांना यातलं काय मिळालं? आपल्या नागपुरात १९२३ चा झेंडा सत्याग्रह झाला तेव्हा लोक स्वतःहून अटक करून घ्यायला येत होते, जमनालाल बजाज गेले, विनोबा गेले, जेल भरून टाकलं. अटक ही उघड गोष्ट होती म्हणून तर तिचा सत्याग्रह करता आला. कागदावर नसलेल्या डिटेन्शनचा सत्याग्रह कसा करणार?

इथं सगळ्यात वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढं जाणं बरोबर होणार नाही. वस्तीत राहणारा माणूस विचारतो, साहेब, तुम्ही हक्क सांगून राहिले, पण त्या दादाविरुद्ध साक्ष द्यायला कोण येईल? जामिनावर बाहेर येतो आणि फिर्याद देणाऱ्याच्याच दारात उभा राहतो. नागपूरला हे ठाऊक आहे. ऑगस्ट २००४ मध्ये कस्तुरबा नगर परिसरात दहशत माजवणाऱ्या गुंडाला बायांच्या जमावानं भर न्यायालयात मारलं, ते काही मजा म्हणून नाही, वर्षानुवर्षं पिचलेल्या लोकांचा बांध फुटला होता. त्या बायांसमोर उभं राहून कलम २२ वाचून दाखवायची माझी छाती नाही. म्हणूनच तर नावं गुप्त ठेवून साक्षीदारांचे जबाब घ्यायची पद्धत एमपीडीएच्या आदेशांमध्ये असते. पण एक गोष्ट विचारतो. एमपीडीए तर १९८१ पासून होता, मग २००४ पर्यंत त्या वस्तीचं काय भलं झालं? त्या वस्तीला हवं होतं ते तक्रार लिहून घेणारं ठाणं आणि शेवटापर्यंत जाणारा खटला. स्थानबद्धता बारा महिन्यांनी संपते, दादा परत येतो, साक्ष कोणीच दिलेली नसते, खटला कुठंच पोचलेला नसतो. आणि आदेश घाईत, कच्चा काढला असेल तर त्याआधीच नागपूर खंडपीठात रद्द होऊन येतो. कोंडून ठेवणं सोपं झालं की शाबीत करण्याची कष्टाची वाट कोणी धरत नाही.

आणि एकदा ही सोय हाताशी आली की ती फक्त गुंडांपुरती राहत नाही. मिसा हा खटल्याशिवाय आत ठेवायचा केंद्राचा कायदा १९७१ मध्ये आला, आणीबाणीत त्याखाली कोण कोण आत गेलं ते नागपुरात घरोघरी सांगता येईल, संघवाले गेले, समाजवादी गेले. त्यांना आजही आपण मिसाबंदी म्हणतो. बंदी! राज्य सरकारनं त्यांना मानधन सुरू केलं ते बंदिवास भोगला म्हणूनच. त्यातल्या कोणाला तोंडावर म्हणून दाखवा की काका, तुम्हाला अटक थोडीच झाली होती, तुम्हाला फक्त डिटेन केलं होतं. मग परवाच्या मोर्चातल्या पोराला ते कसं म्हणता? त्या काळात अनेक हायकोर्टांनी सांगितलं की आणीबाणी असली तरी डिटेन केलेल्या माणसाची याचिका ऐकली जाईल, त्यात आपलं नागपूर खंडपीठही होतं, याचा मला या शहराचा माणूस म्हणून अभिमान आहे. सुप्रीम कोर्टानं २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक अशा मतांनी ते फिरवलं, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले. पुढं १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत सल्लागार मंडळाशिवाय ठेवायची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिने करायचं ठरलं, संसदेनं पासही केलं, पण ते कलम अंमलात आणायची अधिसूचना निघालेली नाही. इतकी सरकारं आली आणि गेली, सगळ्या रंगांची, त्यातल्या कित्येकांचे नेते स्वतः आत राहून आलेले. कोणालाच तो एक महिना कमी करावासा वाटला नाही.

बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत आजचं हे कलम २२ मांडलं तेव्हा त्यांनी मोकळेपणानं सांगितलं होतं की जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून जे निसटलं त्याची ही भरपाई आहे. म्हणजे अटकेचं कारण सांगणं, वकील, चोवीस तास, हे त्यांनी कसंबसं वाचवून आणलेलं आहे. दीक्षाभूमीच्या गावात तरी आपण ते एका शब्दाच्या भरवशावर सोडून देऊ नये.

मराठीत बोलायचं तर आपल्याकडे शब्द कमी नाहीत. रस्त्यावरून बाजूला नेलं तर रोखून ठेवलं म्हणा आणि सोबत वेळ सांगा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. गुन्ह्यात धरलं तर अटक. खटल्याशिवाय जेलमध्ये टाकलं तर तसंच लिहा, खटल्याशिवाय तुरुंगात, स्थानबद्ध लिहायचंच असेल तर त्याच्या पुढं हे दोन शब्द जोडा. ताब्यात घेतलं हे मला तितकंसं आवडत नाही, ताबा फ्लॅटचा असतो, प्लॉटचा असतो. एखाद्या सावकारानं माणसाला रात्रभर खोलीत ठेवलं तर पेपरवाले बरोबर लिहितात, डांबून ठेवलं. तेव्हा कसा शब्द सुचतो?

यावर घरातूनच एक आक्षेप आला. ताई म्हणाली, जाऊ दे, अटक नाही लिहिली तेच बरं झालं, पोराच्या नावावर डाग नको, पुढं नोकरी आहे. मला तेव्हा हे पटलं होतं, खरंच पटलं होतं, आई म्हणून ती चुकत नव्हती. यंदा भाच्यानं केंद्र सरकारच्या एका नोकरीसाठी परीक्षा दिली, पास झाला आणि चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. त्यात पहिला प्रश्न, तुम्हाला कधी अटक झाली आहे का? पुढं वेगळ्या ओळीत, तुम्हाला कधी डिटेन्शनमध्ये ठेवलं होतं का? आणि खाली इशारा, खोटी माहिती दिली किंवा लपवली तर नोकरीसाठी अपात्र. म्हणजे त्या रात्री ताईनं विचारलं तेव्हा डिटेन म्हणजे काहीच नव्हतं, आणि आता सरकार त्याला विचारतंय तेव्हा डिटेन म्हणजे सांगितलीच पाहिजे अशी गोष्ट झाली. हो लिहिलं तर तारीख, कलम आणि ठाणं लिहावं लागेल, जे कुठंच नोंदलेलं नाही. नाही लिहिलं तर ते खोटं ठरेल, कारण तो साडेअठरा तास आत होता हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, बाकड्यावर बसलेल्या ताईला माहीत आहे.

फॉर्म अजून टेबलावरच आहे. भाच्यानं त्या रकान्यात पेन्सिलनं हो लिहिलंय आणि तो मला विचारतोय, मामा, कलमाच्या जागी काय लिहू?